विभागाचं वार्तापत्र: बातम्या आणि आगामी कार्यक्रम कसे लिहावेत, म्हणजे लोक खरंच येतील?

दवबिंदू

नमस्कार. मी हवामानशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या विभागाचं दोन पानी वार्तापत्र दर सत्राच्या सुरुवातीला निघतं. एका पानावर बातम्या, दुसऱ्यावर आगामी कार्यक्रम. हे काम कुणी घ्यायला तयार नसतं. यंदा मी ते मागून घेतलं.

आधीचे सहा अंक वाचले. शोधनिबंधाचं शीर्षक, पाहुण्यांचं नाव, खोली, वेळ. वाचून तासाभराने आठवायला बसले तर एकही ओळ आठवेना. सेमिनारला दर वेळी तीच बारा-चौदा माणसं असतात. भौतिकशास्त्र विभाग आमच्या खालच्याच मजल्यावर आहे, पण तिथून कुणी जिना चढून आलेलं मी दोन वर्षांत पाहिलं नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण इथे जे चालतं ते मला मनापासून आवडतं आणि ते आणखी लोकांनी बघावं असं वाटतं.

माझा कच्चा मसुदा असा आहे:

बातम्या: विभागातील दोन संशोधकांचा 'पृष्ठभागालगतच्या सीमास्तरातील बाष्प व उष्णता प्रवाहांचे मापन' हा निबंध प्रकाशित. गच्चीवर नवीन सीलोमीटर कार्यान्वित. विभागाच्या वेधशाळेस ३० वर्षे पूर्ण.

आगामी: सेमिनार, 'ईआरए-५ पुनर्विश्लेषणावर प्रशिक्षित जागतिक यंत्र-अध्ययन प्रारूपांचे मूल्यमापन'. रेडिओसोंड उड्डाण प्रात्यक्षिक, १२ यूटीसी, सर्वांना आमंत्रण. २३ मार्च, जागतिक हवामान दिन, विभाग सर्वांसाठी खुला. हवामान चर्चा दर शुक्रवारी, नेहमीप्रमाणे.

सरांनी एवढंच सांगितलंय की चूक जाऊ देऊ नकोस. यात वर काय घ्यावं, काय गाळावं आणि मुख्य म्हणजे कसं लिहावं?

समभाररेषा

बाकीचं इतर सांगतीलच, पण रेडिओसोंडच्या, म्हणजे मोजणीचं यंत्र वर नेणाऱ्या फुग्याच्या, उड्डाणाची वेळ आधी दुरुस्त कर. '१२ यूटीसी' (जागतिक प्रमाण वेळेनुसार बारा, आपल्याकडचे संध्याकाळचे साडेपाच) ही त्या वेधाची, म्हणजे निरीक्षणाची, नोंदीची वेळ असते. फुगा त्याच्या अर्धा-पाऊण तास आधीच सोडतात, कारण तो वर जायला दीड तासाहून जास्त लागतो आणि नोंदीची वेळ त्या प्रवासाच्या मध्ये कुठेतरी यावी असं बघतात. मिनिटाला ३०० मीटर हा त्याचा वेग. पाऊण तास आधी सुटला तर बारा वाजता तो १३ किलोमीटरच्या आसपास असतो.

आम्ही एकदा अशीच सूचना लावली होती. लोक बरोबर नोंदीच्या वेळी आले. काही जण मुलांना घेऊन आले होते. आकाशात काहीच दिसेना. ते परत जाताना मी फाटकाशी उभा होतो, ते चेहरे मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा स्थानिक वेळ लिही, आणि 'फुगा भरायला सुरुवात इतक्या वाजता, सुटणार इतक्या वाजता' असं दोन्ही लिही. भरताना बघण्यातच अर्धी मजा आहे.

उंचढग

वार्तापत्र आता कोण वाचतं? फुग्याचा तीस सेकंदांचा व्हिडिओ टाका, प्रत्येक कार्यक्रमाचं एक पोस्टर करा, व्हॉट्सॲपवर फिरवा. दोन पानं मजकूर लिहिण्यात वेळ घालवू नका असं माझं मत.

जुनी_निरीक्षक

दवबिंदू, तुझा मसुदा तीनदा वाचला. तुझी सगळ्यात मोठी बातमी तू बातम्यांच्या अगदी शेवटी, पाच शब्दांत टाकली आहेस. तिथूनच सुरू करते.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझा कल कुठे आहे ते तुला कळेल. मी एका विद्यापीठाच्या वेधशाळेत १७ वर्षं निरीक्षक होते. त्यातली शेवटची नऊ वर्षं विभागाचं वार्तापत्रही मीच काढत होते. रोज ठरलेल्या वेळी यंत्रांच्या कुंपणात जायचं, स्टीव्हन्सन स्क्रीनचं, म्हणजे तापमापक ठेवायच्या झडपांच्या पांढऱ्या पेटीचं, दार उघडायचं, आपल्या श्वासाने पारा चढायच्या आत आधी शुष्क आणि आर्द्र तापमापक वाचायचे, मग कमाल, मग किमान. कमाल तापमापक झटकून पारा खाली आणायचा, किमानातली दांडी कलती करून अल्कोहोलच्या टोकाला आणायची. रेनगेजमधलं पाणी मापनळीत ओतून डोळा पातळीशी नेऊन वाचायचं. पाऊस नसला तरी रेनगेज उघडून बघायचंच, आणि '०.०' लिहायचंच. रिकामी चौकट आणि '०.०' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. रिकाम्या चौकटीचा अर्थ 'त्या दिवशी कुणी बघितलं नाही' असा होतो.

आता तुझी ३० वर्षं बघ. म्हणजे जवळजवळ ११ हजार सकाळी कुणीतरी त्या कुंपणात गेलं आहे. आणि ३० हा आकडा आपल्या शास्त्रात नुसता वाढदिवसाचा नाही. जागतिक हवामान संघटना एखाद्या ठिकाणचं 'सामान्य' मान काढायला सलग ३० वर्षांचा काळ धरते. सध्याचा प्रमाण काळ १९९१ ते २०२० हा आहे. 'आज सामान्यपेक्षा तीन अंश जास्त' असं आपण ऐकतो, त्यातलं 'सामान्य' अशाच ३० वर्षांतून येतं. तुमच्या वेधशाळेजवळ आता तिचं स्वतःचं सामान्य मान आहे. काल नव्हतं, आज आहे. विभागाच्या आयुष्यात हे एकदाच घडतं, पोरी. ती पहिल्या पानावर, सगळ्यात वर.

आणि ती लिहिताना दोन गोष्टी कर. एक, नोंदवही उघड आणि पहिल्या दिवसाचं पान काढ. पहिल्या दिवशीचं कमाल, किमान, पाऊस, आकाशाचे किती अष्टमांश भाग ढगांनी भरले होते, ते तसंच्या तसं छाप. दुसरी, सुट्टीच्या दिवशी कोण वाचत होतं ते शोधून काढ. नाव छापायला त्यांची परवानगी घे. माझ्या वेळी आमच्या वार्तापत्रात येणाऱ्या पाहुण्यांची नावं असायची, मानपत्रं असायची, पण रोज वेध घेणाऱ्यांचं नाव मी संपादक होईपर्यंत एकदाही आलं नव्हतं. हे मला तेव्हाही लागलं होतं आणि आजही लागतं.

आता सेमिनार. तुझं शीर्षक बरोबर आहे, पण खालच्या मजल्यावरच्या माणसाने जिना का चढावा, हे त्यातून कळत नाही. यावर तुला एक खरी गोष्ट सांगते. १९७२ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनला अमेरिकन विज्ञानसंस्थेचं अधिवेशन होतं. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांचं तिथे भाषण होतं आणि त्यांनी शीर्षक वेळेत कळवलं नव्हतं. कार्यक्रमपत्रिका छापायला जायची होती. त्या सत्राचे आयोजक फिलिप मेरिलीस यांनी स्वतःच एक शीर्षक लिहून टाकलं: ब्राझीलमध्ये फुलपाखराने पंख फडफडवले तर टेक्ससमध्ये टॉर्नेडो उठतो का? लहानशा बदलाने पुढचं हवामान पार बदलू शकतं हे सांगताना त्याआधी लॉरेन्झ उदाहरण द्यायचे ते समुद्रपक्ष्याचं, सीगलचं. फुलपाखरू जगभर गेलं ते त्या कार्यक्रमपत्रिकेतून. पत्रिकेतली एक ओळ, तीही आयोजकाने लिहिलेली.

त्या ओळीत काय आहे ते नीट बघ. ती प्रश्न आहे. उत्तर दिलेलं नाही. भाषणात तर लॉरेन्झ यांनी सुरुवातीलाच सावध केलं होतं, की एक फडफड टॉर्नेडो उठवू शकत असेल तर तितकीच ती टॉर्नेडो टाळूही शकेल. म्हणजे शीर्षक लोकांना ओढून आणणारं होतं, पण खोटं नव्हतं. आणि प्रश्नातली प्रत्येक वस्तू डोळ्यांसमोर उभी राहते. आपल्या विभागांच्या सूचनांत 'मूल्यमापन', 'विश्लेषण', 'अभ्यास' हे शब्द असतात. ते मिटल्या डोळ्यांनीही वाचता येतात, पण दिसत काहीच नाही.

तुझ्या सेमिनारचा प्रश्न मला असा दिसतो: 'वातावरणाची समीकरणं न सोडवता उद्याचं हवामान सांगता येतं. मग मॉडेल नेमकं काय शिकलं?' त्याखाली दोन ओळी. ग्राफकास्ट नावाच्या, जुन्या हवामानावरून शिकणाऱ्या संगणकी मॉडेलचा निबंध २०२३ मध्ये आला. ते १९७९ ते २०१७ या ३९ वर्षांच्या ईआरए-५ वर शिकलेलं होतं आणि दहा दिवसांचा जागतिक अंदाज एका मिनिटाच्या आत काढत होतं. युरोपच्या मध्यम-मुदत अंदाज केंद्राने आपलं स्वतःचं असं मॉडेल २०२५ च्या फेब्रुवारीत रोजच्या कामात घेतलं. एवढं वाचल्यावर भौतिकशास्त्राचा विद्यार्थी वर येईल, कारण त्याच्याच समीकरणांबद्दल प्रश्न विचारलाय.

आणि इथे तुझ्या दोन्ही पानांना जोडणारा धागा आहे. ईआरए-५ म्हणजे काय? १९४० पासूनच्या वातावरणाचं तासातासाचं चित्र, साधारण ३१ किलोमीटरच्या जाळीवर. ते आलं कुठून? उपग्रह, जहाजं, विमानं, जमिनीवरची केंद्रं आणि फुगे यांचे वेध एका भौतिक मॉडेलमध्ये मिसळून. म्हणजे हे नवं मॉडेल समीकरणं सोडवत नसलं तरी ज्या चित्रावर ते शिकलं ते समीकरणांनी आणि वेधांनी बनलं आहे. तू सोडणार तो फुगा त्या चित्राचाच कच्चा माल आहे. वार्तापत्रात सेमिनार आणि फुगा शेजारी शेजारी ठेव, आणि हे एका वाक्यात सांग.

फुग्याबद्दल समभाररेषांनी वेळेचं सांगितलंच. 'प्रात्यक्षिक' हा शब्द काढून टाक. लिही, की सोडताना फुगा दीड मीटर रुंद असतो. वर हवेचा दाब कमी होत जातो तसा तो फुगत जातो आणि ३० किलोमीटरच्या आसपास, सहा मीटरहून रुंद झाल्यावर फुटतो. तिथला दाब जमिनीवरच्या शंभराव्या हिश्श्याइतका असतो. वाटेत यंत्र तापमान, आर्द्रता आणि जीपीएसवरून वारा कळवत राहतं. जगभरची शेकडो केंद्रं त्याच सुमारास आपापले फुगे सोडत असतात, हे तर लिहायलाच हवं. कुंपणाशी उभ्या असलेल्या माणसाला हे माहीत असेल तर तो वर वेगळ्या नजरेने बघतो.

फुग्यांचीच आणखी एक गोष्ट. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुई फ्राय रिचर्डसन यांनी हातांनी आकडेमोड करून पहिला संख्यात्मक अंदाज, म्हणजे वातावरणाची समीकरणं सोडवून काढलेला अंदाज, काढला तो २० मे १९१० या दिवसाचा. तोच दिवस का? तर युरोपभर ठरवून फुगे सोडण्याच्या दिवसांपैकी तो एक होता आणि त्या दिवसाचे वेध हाताशी होते. अंदाज साफ चुकला. सहा तासांत दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढेल असं उत्तर आलं, प्रत्यक्षात तो जवळजवळ जागेवरच होता. तरीही त्यांनी ते सगळं १९२२ मध्ये छापलं, आणि आजची अंदाज-पद्धत त्याच वाटेने आली. मला या माणसाबद्दल अपार आदर आहे. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवत असताना त्यांनी ही गणितं केली होती.

शोधनिबंधाच्या बातमीला मी कमी जागा देईन, पण तिचं वाक्य बदल. त्या दोघा संशोधकांकडे जा आणि विचार, 'मोजायच्या आधी तुम्हाला काय वाटत होतं, आणि आता काय वाटतं?' जे उत्तर येईल ती बातमी. कुठल्या नियतकालिकात आला ते शेवटी, छोट्या अक्षरांत. सीलोमीटरला एक ओळ पुरे: लेझरचा झोत सरळ वर जातो, ढगाच्या तळावर आपटून परत येतो, आणि लागलेल्या वेळेवरून उंची काढतात. ढग १५०० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सेकंदाचा लाखावा भाग लागतो.

उंचढग, व्हिडिओ जरूर करा. पण फुग्याच्या व्हिडिओने लोक फुगा बघतील, आणि दोन ओळींनी ते तो फुगा कशासाठी आहे हे जाणून येतील. मला दुसरी गर्दी हवी.

शुक्रवारच्या चर्चेबद्दल मी मुद्दाम काही लिहीत नाही. त्यावर इथे माझ्याहून जाणते लोक आहेत. फक्त 'नेहमीप्रमाणे' हा शब्द कुठल्याही आमंत्रणात नको. त्याचा अर्थ 'नवीन माणसाची आम्हाला गरज नाही' असा होतो.

दवबिंदू

ताई, मी हे वाचून लगेच वेधशाळेच्या कपाटाकडे गेले. पहिली नोंदवही सापडली. पहिल्या दिवशी पाऊस ०.० होता आणि शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलंय, 'कुंपणाचा रंग अजून ओला'. मी तिथेच बराच वेळ उभी राहिले.

पण दोन अडचणी आहेत. एक, सेमिनारचं शीर्षक पाहुण्यांनी दिलेलं आहे, ते मी कसं बदलू? दुसरी जास्त मोठी आहे. वह्या चाळताना कळलं की सोळाव्या वर्षी वेधशाळा साठ मीटर सरकवली होती, कारण बाजूला इमारत वाढवायची होती. आणि एका वर्षी मधल्या सात आठवड्यांच्या चौकटी रिकाम्या आहेत. मग 'सलग ३० वर्षं' असं लिहायचं की नाही? सर म्हणाले होते, चूक नको.

जुनी_निरीक्षक

शीर्षक बदलू नकोस. पाहुण्यांना तुझा प्रश्न पाठव आणि विचार, 'तुमच्या शीर्षकाच्या वर हा प्रश्न छापला तर चालेल का? यात काही चुकतंय का?' माझ्या नऊ वर्षांत बहुतेकांनी आनंदाने हो म्हटलं, आणि काहींनी माझ्यापेक्षा चांगला प्रश्न लिहून पाठवला. एकाने मात्र माझा प्रश्न चुकीचा ठरवला आणि का ते समजावून सांगितलं. ते दहा मिनिटांचं बोलणं मला त्यांच्या पूर्ण भाषणाइतकं उपयोगी पडलं.

सरकवलेल्या वेधशाळेचं आणि रिकाम्या आठवड्यांचं सगळं लिही. लपवू तर नकोसच, पण 'दिलगिरी' म्हणूनही लिहू नकोस. हीच तर शास्त्राची बातमी आहे. जागा बदलली की नोंदीत पायरी पडू शकते. साठ मीटरवर जमीन वेगळी, सावली वेगळी, वाऱ्याचा आडोसा वेगळा. रेनगेजचा नियम तुला माहीतच असेल, अडथळा जितका उंच त्याच्या किमान दुप्पट अंतरावर तो हवा. नवी इमारत किती उंच आहे आणि रेनगेज तिच्यापासून किती लांब आहे ते टेप घेऊन मोज. स्क्रीनला शेवटचा पांढरा रंग कधी दिला तेही बघ, कळकट स्क्रीन ऊन जास्त शोषते आणि आतला पारा किंचित चढा दाखवते. झाडं लावली का, लावली तर कधी, यंत्रं कधी बदलली. हे सगळं एका तक्त्यात आण. मग आसपासच्या केंद्रांच्या नोंदींशी तुमची नोंद लावून बघायची. सोळाव्या वर्षी फक्त तुमच्याच नोंदीत उडी असेल तर ती जागेमुळे आली, सगळीकडे असेल तर हवामानातली.

वार्तापत्रात एवढंच लिही: 'वेधशाळेला ३० वर्षं झाली. सोळाव्या वर्षी ती साठ मीटर सरकली. त्याचा नोंदींवर काय परिणाम झाला हे या सत्रात तपासायचं आहे. ज्याला हे काम करायचं असेल त्याने येऊन भेटावं.' बघ, बातमीचा कार्यक्रम झाला. मला शंका नाही की खालच्या मजल्यावरून एखादा तरी येईल, कारण त्याला करण्यासारखं काम दिलंय.

सॉंडिंगवेडा

शुक्रवारच्या चर्चेबद्दल मी बोलतो, कारण आमच्याकडे ती जवळपास बंद पडली होती. मॉडेल इतकी चांगली झाली की 'आपण बसून नकाशे का बघायचे?' असा प्रश्न मुलं विचारायची, आणि प्रश्न रास्तच होता. तासभर कुणीतरी स्क्रीनवर नकाशे सरकवायचा आणि बाकीचे बघायचे.

आम्ही एकच बदल केला. चर्चा संपताना खोलीतल्या प्रत्येकाने, पहिल्यांदा आलेल्यानेही, एका कागदावर आकडा लिहायचा: पुढच्या चोवीस तासांत विभागाच्या रेनगेजमध्ये १ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडण्याची शक्यता किती टक्के? पुढच्या शुक्रवारी पहिली पाच मिनिटं गुण मोजायचे. हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये सुचवलेली रीत आहे. शक्यता दशांशात घ्यायची, पाऊस पडला तर १, नाही तर ०, आणि दोहोंच्या फरकाचा वर्ग. ७० टक्के म्हणालात आणि पडला तर ०.०९, नाही पडला तर ०.४९. कमी गुण चांगले. रोज ५० टक्के लिहिणाऱ्याला काहीही झालं तरी ०.२५ मिळतात, म्हणजे कुंपणावर बसून जिंकता येत नाही. आणि उगाच छातीठोकपणे शंभर टक्के म्हणणाऱ्याला एकदा चुकल्यावर पूर्ण १ पडतो. तो पुढच्या आठवड्यात टेफिग्राम, म्हणजे उंचीनुसार हवेचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारा आलेख, स्वतःहून उघडतो.

आता ताईंच्या मुद्द्याशी हे कसं जुळतं बघा. या स्पर्धेत एक न दिसणारा स्पर्धक ठेवावा लागतो. नकाशा न बघता तो फक्त त्या तारखांना पूर्वी किती वेळा पाऊस पडला तेवढं प्रमाण लिहितो. त्याला हरवता आलं तरच आपल्याला काही येतं असं म्हणायचं. दवबिंदू, तुमचा तो स्पर्धक आता तयार आहे, त्या ३० वर्षांच्या वह्यांत. आमच्याकडे इतकी लांब नोंद नव्हती, आम्हाला दुसऱ्या केंद्राची उसनी घ्यावी लागली.

आमच्या पहिल्या सत्रात त्या स्पर्धकाने खोलीतल्या निम्म्याहून अधिक जणांना हरवलं. दुसऱ्या सत्रात खूप कमी जणांना. लोक का येत राहिले याचं हेच कारण असावं असं मला वाटतं, आपण सुधारतोय हे त्यांना आकड्यात दिसत होतं.

उंचढग

जुनी_निरीक्षक, मान्य. व्हिडिओखाली त्या दोन ओळी टाकायला हव्यात, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. खुल्या दिवसाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून एक सुचवतो. २३ मार्च का, हे लिहा: १९५० मध्ये त्या दिवशी जागतिक हवामान संघटनेचा करार अमलात आला. आणि पोस्टरं भिंतीवर लावण्यापेक्षा लोकांना बाहेर उभं करून ढग ओळखायला लावा. ढगांना क्युम्युलस, स्ट्रेटस, सिरस ही नावं देणारे ल्यूक हॉवर्ड व्यवसायाने औषधं बनवणारे होते. १८०२ मध्ये लंडनच्या एका छोट्या विज्ञानमंडळात त्यांनी ती पहिल्यांदा मांडली. विभागाबाहेरच्या माणसाला हे ऐकून धीर येतो.

दवबिंदू

सगळ्यांचे खूप आभार. नवीन मसुदा टाकते, मात्र पहिलं पान अजून पूर्ण नाही. निबंध लिहिणाऱ्या दोघांपैकी एकच भेटल्या आणि त्यांचं उत्तर इतकं चांगलं होतं की ते मला त्यांच्याच शब्दांत घ्यायचंय. उद्या त्यांना दाखवून मग टाकेन. रोज वेध घेणाऱ्या काकांनाही भेटले. वार्तापत्रात नाव येणार म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त मला स्क्रीनकडे घेऊन गेले आणि रंग कुठे उडालाय ते दाखवलं.

"आमच्या वेधशाळेची पहिली नोंद ३० वर्षांपूर्वीची आहे. त्या दिवशी पाऊस ०.० होता आणि कुंपणाचा रंग ओला होता. तेव्हापासून, सात आठवडे सोडले तर, रोज कुणीतरी तिथे गेलं आहे. सोळाव्या वर्षी वेधशाळा साठ मीटर सरकली. त्याने नोंद बदलली का, हे या सत्रात आपण तपासणार आहोत. मदत हवी आहे."

"शुक्रवार: नकाशे बघून प्रत्येकाने पावसाची शक्यता लिहायची. ३० वर्षांच्या नोंदवहीला तुम्ही हरवू शकता का? पहिल्यांदा येणाऱ्यालाही कागद मिळेल."

"फुगा: भरायला सुरुवात ठरलेल्या नोंदीच्या सव्वा तास आधी, सुटणार पाऊण तास आधी. दोन्ही वेळा खाली स्थानिक वेळेत दिल्या आहेत. सुटताना तो दीड मीटर रुंद असेल, फुटताना सहा मीटरहून जास्त. त्याच सुमारास जगभर शेकडो फुगे वर जात असतील. त्याच आठवड्यातला सेमिनार, अशा वेधांवर शिकलेल्या मॉडेलबद्दल आहे."

पाहुण्यांनी वरच्या प्रश्नाला हो म्हटलंय. फक्त 'नेमकं काय शिकलं' याऐवजी 'काय शिकलं आणि काय शिकलं नाही' असं करा म्हणाले.

समभाररेषा

छान झालंय. फुग्याच्या मजकुरात दोन ओळी वाढव. वारा जोराचा असेल तर भरलेला फुगा धरणं कठीण होतं आणि सोडायची वेळ थोडी पुढेमागे होते, म्हणून 'वीस मिनिटं आधी या' असं लिही. आणि तुम्ही हायड्रोजन वापरत असाल तर भरण्याच्या खोलीपासून लोकांना किती लांब उभं करायचं ते तंत्रज्ञांना विचारून आकडाच छाप, फोन बंद ठेवायचं तेही. सीमारेषेची दोरी आदल्या दिवशीच बांधून ठेवा.